ऊठ, पूंगोदै

३ जून
आज परत उठवलं! डोळा बधिर केलेला, मी मायक्रोस्कोपवर बसलेली, मोतीबिंदू फोडायला नुकता घेतला होता. मागून नेडुंचेळियन सर – "ऊठ, पूंगोदै."

टेबलावरची म्हातारी जागीच असते ना! कापडाखालून विचारते, "काय झालं? डोळा गेला का माझा?"

"काही नाही, पाट्टी," सर त्या आजीला म्हणाले, " मुलीला भूक लागलीय."

सगळे हसले. मीही हसले, त्याचाच जास्त राग येतोय.

५ जून
इनियन माझ्याच वर्षाचा शिकाऊ डॉक्टर. रोज ऑपरेशनं करतो, त्याला कोणी उठवत नाही. त्याचा मामा सरांचा वर्गमित्र – बोलायलाच नको. जेवताना म्हणतो, "चिडतेस काय? लग्न झालं की चष्म्याचे नंबरच काढायचेत तुला."

रसम त्याच्या डोक्यावर ओतायला हवं होतं.

८ जून
सरावाला खाटकाकडून बोकडाचे डोळे आणले. बहुतेक सगळे फाडले. भिंगामागची पातळ पिशवी, तीच दरवेळी. शिळे डोळे दिले मेल्याने!

१० जून
सरांच्या खोलीत तशीच घुसले. "मी बाई आहे म्हणून उठवता का?"

"तुझा हात खोल जातो."

"बसू दिलंत तर सुधारेल ना!"

"पेशंटच्या डोळ्यावर?"

हात खोल जातो म्हणे! इनियनचा गेला तेव्हा "होतं असं" म्हणाले होते, मी ऐकलंय. शेवटी म्हणाले, गुरुवारी शिबिरातल्या पेशंटची बस येतेय, एक डोळा पूर्ण कर. नाही जमलं तर जुलैपासून तुला ऑपरेशन थिएटर बंद.

बघाच आता.

१२ जून
पेच्चियम्माळ. उसिलम्पट्टीकडची, बसने आलेली. टेबलावर चढताना म्हणाली, "बाईचा हात हलका असतो, बरं झालं तू आहेस."

पिशवी फाटली. सरांनी उठवायच्या आधी मीच उठले. त्यांनी निस्तरलं. नजर येईल म्हणतात, पण उशिरा – बघू.

खुर्ची फार बुटकी होती. हत्यार बोथट होतं. आणि पाठीवर डोळे रोखून कोणी उभं असलं तर कोणाचा हात चालेल?

१३ जून
जळो सगळं.

१ जुलै
मुलांच्या ओपीडीत बदली. दिवसभर रडारड. एका पोरीला ते माशीचं चित्र दाखवत होते. काळा चष्मा घालायचा, म्हणजे माशी कागदातून वर आलेली दिसते. ती किंचाळून आईच्या कुशीत शिरली. मला वाटलं, नाटकी आहे. पुन्हा दाखवलं, तर हवेतच चिमूट करून पंख धरायला लागली.

मग चष्मा काढून माझ्या नाकावर ठेवला. "आता तुम्ही धरा."

मी धरायला गेले. बोटं कागदावर टेकली. पोरगी खो खो हसली – "अहो, वर आहे ती!"

मला वर काहीच दिसलं नाही. सपाट छापलेली माशी.

२ जुलै
तिरळेपणाच्या मॅडमकडून दार लावून तपासून घेतलं. दोन्ही डोळे मिळून खोल-उथळ कळतं, ते मला कळत नाही. लहानपणापासून. इथे घेताना गुण पाहिले, दाखले पाहिले, डोळे कोणी पाहिले नाहीत. मीसुद्धा नाही.

पेच्चियम्माळची नजर अजून आलेली नाही.