नकाशात न उतरलेली वाडी

अप्पा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. कर्जतच्या उत्तरेचं, भीमाशंकरच्या कड्याखालचं ते रान मी अजून डोळे मिटून काढू शकते. तुम्ही जंगलखात्यातले रखवालदार. तिथला एकेक ओढा, तळं, ठाकर आदिवासींची एकेक वाडी तुमच्या पायाखालची. साहेबाने नकाशा मागितला तेव्हा तुम्ही चुलीपाशी बसून सांगत होतात आणि मी काढत होते, कारण तुमचं अक्षर कोणाला लागत नसे. "नदी हितं वळते. मंग तळं. तळ्याच्या पल्याड सात झोपड्या, त्या इसरू नको गं." एवढं सांगून तुम्ही गोठ्यात गेलात. कागद तळ्याच्या काठाशीच संपला होता. नव्या कागदावर सगळं पुन्हा काढायचा मला कंटाळा आला. सात झोपड्या, कोण विचारतंय, असं मनाशी म्हणून मी तळ्यापाशीच थांबले. तुम्ही आलात आणि न तपासता सही केलीत. "पोरीचं काम हाय, चुकायचं नाय."

पुढच्या थंडीत हुकूम आला, नकाशात नसलेली वस्ती राखीव रानातून उठवायची. तो सांगायला तुम्हालाच जावं लागलं. मी हट्टाने तुमच्या मागे आले. दर पावसाळ्यात आपल्याकडे कंद घेऊन येणारी म्हातारी तुमच्यासमोर उभी राहिली. "तू आमच्यात जेवलास रं. कागदावर नाय, म्हून आमी नायच का?" तुम्ही म्हणालात, "मी सायबाला सांगतो. वाडी हाय, मी पायलीय." साहेबाला दोनदा सांगितलंत. त्याने दोन्ही वेळा नकाशावरची तुमचीच सही पुढे केली. झोपड्या मोडल्या. ती माणसं खाली खडी फोडायला गेली आणि त्याच उन्हाळ्यात पटकीने त्यातली बरीच मेली. म्हातारीही.

तुम्ही मला एका शब्दाने विचारलं नाहीत. जेवता जेवता हात थांबायचा. "मीच सांगायला इसरलो असंन गं." मी भाकरी थापत "असेल" म्हणाले. तुम्ही नोकरी सोडलीत, माणसांत जाणं सोडलंत, आणि ती चूक आपलीच मानत वारलात. मागच्या वर्षी माहेरी आले तेव्हा तळ्यापर्यंत चालत गेले. पाणी तेवढंच आहे. पल्याड चुलीचा एक दगडही सापडला नाही.

हे सगळं आज लिहिलं, कारण वाचायला तुम्ही नाही. तुम्ही असतात, तर मी अजूनही गप्पच बसले असते.