तीनशे चौदा साइटींचे कर्ते

वेनियामिन भाऊजी, फोन मधेच आपटायची ही कुठली रीत? मी जेमतेम 'ग्रंथालयातून बोलतेय' एवढं म्हणाले, तर तुम्ही 'मी कुठलंही पुस्तक नेलेलं नाही' असं ओरडून मोकळे! पुस्तकाचं कोण बोलतंय? तुमच्या हातात पुस्तक मी एकदाच पाहिलं, ते डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सारताना. असो. आधी रीतीचं. नमस्कार. गुडघे कसे आहेत? कोबी खारवलात, की यंदाही शेजारणीच्या बरण्यांवर डोळा? इकडे मी ठीक. (ठीक नाही. पण पत्राच्या सुरुवातीला ठीकच लिहायचं असतं.) घाबरू नका असं लिहिणार होते, पण घाबरा. शुक्रवारी, चोवीस तारखेला, मॉस्कोहून तपासणी समिती येतेय, आणि ती तुमच्याबद्दल विचारणार आहे.

पहिल्यापासून सांगते. एकोणीस वर्षं मी ग्रंथालयाच्या दाराशी लोकांचे कोट सांभाळते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मे महिन्यात कोट संपतात, खुंट्या रिकाम्या, मी विणत बसते. तर या मेमध्ये वरच्या मजल्यावरून रिम्मा ल्वोव्हना खाली आल्या. सूची विभागाच्या प्रमुख. आवाज कधी चढत नाही, म्हणून जास्त भीती. त्यांच्या हाताखालच्या दोन्ही पोरी मोबाइलच्या दुकानात नोकरीला पळालेल्या, आणि वरून हुकूम आलेला, की इंटरनेटवर रशियन भाषेत जे जे कामाचं आहे त्याची पुस्तकांसारखी सूची करा. म्हणाल्या, "कापितोलिना, तुला टाइप करता येतं का?" म्हटलं, एका बोटानं. म्हणाल्या, "एक पुरेल."

या कामाला मेटाडेटा म्हणतात. नावाला दचकू नका, मी दचकून झालेय. साइट म्हणजे कोट आणि मेटाडेटा म्हणजे त्याचा बिल्ला. कोट जिथे आहे तिथेच राहतो, आपण फक्त बिल्ल्यावर लिहायचं, की हा कशाचा, कधी शिवला, कोणाच्या अंगाला येईल. एकेका साइटीला पंधरा रकाने. वर्णनाच्या रकान्यात मी दिसेल ते लिहायची. 'मधमाश्यांची साइट. माणूस प्रामाणिक, पण फोटो उघडेपर्यंत चहा होतो.' 'वकिलांची साइट. पत्ता दिलेला नाही, यावरून काय ते ओळखा.' रिम्मा ल्वोव्हनांनी वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी मला रेडिएटरजवळची, उबेतली खुर्ची दिली. (खूळ त्यांनाही आहे. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाच्या सतराव्या पानावर शिक्का मारतात, चोरीला गेलं तर ओळखू यावं म्हणून. त्यांनी मला साइटींचंही सतरावं पान छापून आणायला लावलं आणि त्यावर शिक्के मारले. ज्या साइटींना सतरा पानं नाहीत, त्यांच्याकडे त्या अजून संशयानं बघतात.) ऑगस्टमध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या एका लांबच्या खेड्यातल्या नर्सबाईचं पत्र आलं. पोराला साप चावलेला, डॉक्टर साठ किलोमीटरवर. आमच्या सूचीत तिला सर्पदंशावरची साइट सापडली, वर्णनात मी लिहिलेलं: 'आधी तिसरं पान वाचा, पहिल्या दोनांत नुसत्या पदव्या आहेत.' पोरगा वाचला. ते पत्र रिम्मा ल्वोव्हनांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

आता तुमच्याकडे येते. पंधरातला एक रकाना आहे 'कर्ता'. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मसाल. तो भरल्याशिवाय यंत्र पुढे जात नाही, आणि कितीतरी साइटींवर कर्त्याचं नावच नसतं! 'आमच्याबद्दल' असं असतं. आमच्याबद्दल म्हणजे कोणाबद्दल, घराला माणूस नको? रिम्मा ल्वोव्हना त्या आठवड्यात दाढ काढायला गेल्या होत्या. यंत्र लाल होऊन बसलं. वडिलांच्या नावासकट आणि जन्मसालासकट मला न बघता एकाच माणसाचं नाव लिहिता येतं, कारण तुमच्या गुडघ्यांसाठी आरोग्यधामाचे अर्ज सहा वर्षं मीच भरतेय. लिहिलं, वेनियामिन साव्विच लाप्तेव, १९४८. यंत्र खूष, पुढे गेलं. म्हटलं, उद्या बदलू. मग दुसऱ्या साइटीला तेच. मग हात बसला.

थोडक्यात, भाऊजी, तुम्ही तीनशे चौदा साइटींचे कर्ते आहात. मधमाश्या तुमच्या, अणुशास्त्र तुमचं, दोन मठ तुमचे, आणि देव नाही असं सांगणारी साइटही तुमचीच. गरोदर बायकांचे व्यायामसुद्धा.

सप्टेंबरात आमची सूची राजधानीतल्या मोठ्या सूचीला जोडली, सगळ्या देशाला दिसू लागली, आणि येरमोलाय कुझ्मिच येऊन धडकला. रेल्वेतला निवृत्त इंजिनचालक. आठ वर्षं खपून त्यानं कबुतरांच्या जातींची साइट केलेली. हातात आमच्या नोंदीचा कागद. "कोण हा लाप्तेव? समोर आणा त्याला!" रिम्मा ल्वोव्हना म्हणाल्या, बसा. "बसत नाही! त्याला विचारा, कबुतराची विष्ठा कधी खरवडलीये का आयुष्यात? एक तरी पिल्लू हातानं भरवलंय का लेकाच्यानं?" मी मान खाली घालून टाइप करत होते. (काय ते विचारू नका. पानभर एकच अक्षर.) खरं सांगायचं तर तो त्या कागदावर पुन्हा पुन्हा आपलं नाव शोधत होता, आणि ते बघवलं नाही. त्यानं वर तक्रार केली. म्हणून समिती. नोंदी खोट्या ठरल्या तर विभाग बंद, आणि तीनशे चौदाच नव्हे, सगळ्या अकराशे नोंदी पुसून टाकणार. सापाचीसुद्धा.

रिम्मा ल्वोव्हनांनी विचारलं, हे गृहस्थ कोण? मी म्हटलं, माझे दीर, फार वाचतात. (देव मला क्षमा करो.) साइटींची यादी त्यांनीच जमवून पाठवली, म्हणजे कर्ते नव्हेत, पुस्तकांवर असतो तसे संकलक. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "सही आणून दाखव," म्हणाल्या. तर सोबत कागद आहे, संकलक तुम्हीच असं लिहिलेला. वाचत बसू नका, सही करा. समितीचा फोन आला तर 'होय' म्हणा आणि थांबा. इंटरनेट कशाशी खातात असं त्यांनाच विचारू नका.

तुमची वहिनी,
कापितोलिना

ता. क. सही निळ्या शाईनं. आणि कागदावर चहाचा पेला ठेवू नका, मी तुम्हाला ओळखते.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, फोडलं. रिम्मा ल्वोव्हना जेवायला गेल्या होत्या, मी त्यांच्या टेबलावर नोंदी ठेवायला गेले, तर समितीसाठीचा खुलासा लिहून ठेवलेला, सहीसकट. 'कर्त्याचं नाव माझ्या सूचनेवरून भरलं गेलं. टाइप करणाऱ्या बाईंचा दोष नाही. उरलेले चौदा रकाने अचूक आहेत, नोंदी ठेवाव्यात.' म्हणजे संकलकाचं त्यांना क्षणभरही पटलेलं नव्हतं. बत्तीस वर्षांत या बाईनं एक रकाना खोटा भरला नाही, आणि आता पहिला खोटा भरला तो माझ्यासाठी. शुक्रवारी त्या उभ्या राहून हे वाचणार आणि नोकरी गमावून घरी जाणार.

तेव्हा तो कागद फाडा. दुसऱ्यावर लिहा, की मी संगणकाला जन्मात हात लावलेला नाही आणि माझं नाव माझ्या वहिनीनं घातलं, एकटीनं, कोणाच्या सांगण्यावरून नाही. हे मीच लिहायला हवं, कळतं मला. तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा शेवटी दोष यंत्राचा निघाला. तुम्हाला माझ्याविरुद्ध लिहायला जड जायचं कारण नाही, आमच्या लग्नात तुम्ही तुमच्या भावाच्या कानात काय म्हणालात ते मी ऐकलंय. पाठवा ते समितीच्या नावानं, माझ्या नव्हे. माझ्या हातात पडलं तर मी ते हरवून टाकीन. बुधवार, बावीस तारखेच्या आत पोचलं पाहिजे. टपालाचा भरवसा वाटत नसेल तर तार करा, 'कापितोलिनानं केलं' एवढे दोन शब्द पुरेत. बुधवार, भाऊजी. गुरुवार चालणार नाही.