काढलेले कव्हर, वाढलेले डिझेल आणि माझ्यावरचा चोरीचा ठपका

प्रति,
मा. वाहन अधिकारी,
पाणीपुरवठा देखभाल कार्यालय.

विषय : पिकअपचे कव्हर परत मिळणे व डिझेलचोरीची नोटीस रद्द होणेबाबत.
संदर्भ : १) आपली कारणे दाखवा नोटीस. २) नोटिशीनंतरच्या रविवारी जेवताना आपण केलेले तोंडी विधान.

महोदय,

खाली सही करणारा मी आपल्या विभागात पिकअप चालक असून नात्याने आपला सासरा आहे. हा विषय मी घरी काढला तेव्हा आपण ताटावरून मान वर न करता, "ऑफिसचं ऑफिसात, मामा. लेखी द्या," म्हणालात. त्यानुसार लेखी देत आहे.

१. माझ्या गाडीच्या हौद्यावर ताणून बसवलेले कव्हर होते. आपण रुजू होताच "फुकटचं वजन वाहताय" म्हणून ते काढून स्टोअरमध्ये टाकायला लावलेत. तेव्हापासून गाडी डिझेल जास्त पिऊ लागली. पंपहाउसचा सगळा रस्ता महामार्गाचा आहे. वेगात असताना टपावरून आलेला वारा उघड्या हौद्यात घुसून घुटमळतो, हौदा मागून बंद करणाऱ्या फाळक्यावर आदळतो. गाडी कुणी मागून धरून ठेवल्यासारखी वाटते. कव्हर असले की तो बराचसा वरून निघून जातो. फरक थोडाच पडतो, पण रोजच्या फेऱ्यांत साचत जातो.

२. हे कळवले असता आपण फाळका उघडा टाकून गाडी चालवण्याचे फर्मावलेत. त्याने डिझेल वाचले नाही. हौद्यातले पाइपचे सांधे आणि सोबतच्या फिटरचा जेवणाचा डबा मात्र महामार्गावर पडून गेला. फिटर अजून माझ्याशी बोलत नाही.

३. यानंतर आपण मला चोर ठरवले. नोटीस शिपायाकरवी कँटीनमध्ये, सर्वांसमोर हातात दिलीत. आपली पत्नी, म्हणजे माझी मुलगी, हिने "बाबा डिझेल चोरतील असं तुम्हाला खरंच वाटतं?" असे विचारले असता, "मला काय वाटतं हा प्रश्नच नाही," असे उत्तर आपण दिलेत. ती सध्या माझ्याकडे आहे.

४. तिच्याच आग्रहावरून आपण गेल्या आठवड्यात स्वतः गाडीत बसलात. एक फेरी कव्हर लावून, एक काढून. वेग तोच, माल तोच, टाकी दर वेळी आपल्यासमोर गळ्यापर्यंत भरलेली. कव्हर असताना डिझेल कमी लागले, हे आपण पंपावर मान्य केलेत. परतताना म्हणालात, "पटलं, मामा. पण आता नोटीस मागे घेतली तर लोक म्हणतील, सासऱ्याला वाचवलं. थोडे दिवस सोसा."

म्हणजे मी चोर नाही हे आपणास ठाऊक आहे. तरीही आपले नाव स्वच्छ राहावे म्हणून माझे मळलेले राहायचे आहे.

५. यावर मी गाडी कडेला घेऊन आपणास उतरवले. 'अधिकाऱ्यास रस्त्यात सोडून दिले' याबाबत आपण मागितलेला खुलासा असा की, सोडून दिले. ऊन कडक होते, आपले बूट नवे होते, हे मला दिसत होते. दिलगिरी नाही.

तरी नोटीस लेखी मागे घेऊन ते पत्र कँटीनमध्ये सर्वांसमोर वाचून दाखवावे व कव्हर गाडीला परत द्यावे. अन्यथा हाच अर्ज वरिष्ठ कार्यालयात जाईल.

अर्ज देण्यापूर्वी मुलीला वाचायला दिला. मी दोन ठिकाणी भाषा मऊ केली होती. तिने ती खोडून पहिले शब्द पुन्हा घातले आणि शुद्धलेखनही तपासून दिले.

कार्यालयीन वेळेपुरता आपला नम्र,
(सही)
पिकअप चालक, वाहन विभाग
दिनांक : नोटिशीच्या मुदतीच्या आत