२०२० ची मोजणी

३ मार्च २०२५, सोमवार

झालं! चौदा पानांची पुस्तिका हातात पडली. 'डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांकडून अपेक्षा'. तीन वर्षं इथे घासल्यावर आता सांगतात काय अपेक्षा आहेत ते! तिघांची समिती, दोन जाहीर चर्चासत्रं, तोंडी परीक्षा, एक छापून आलेला लेख, सप्टेंबरअखेर प्रबंध. जंगलात एकट्याने जायचं नाही — हे दोनदा, ठळक अक्षरांत, अस्वलाच्या चित्रासकट. आणि शेवटच्या पानावर निवेदन : 'या प्रबंधातला प्रत्येक आकडा मी स्वतः पडताळला आहे व तो खरा आहे.' खाली सही.

डॉ. श्कुल्य, माझ्या मार्गदर्शक — हसल्या तर दंड बसेल असा चेहरा — म्हणाल्या, "यर्नेया, आधीची तेरा पानं मोडलीस तर मी सांभाळून घेईन. हे शेवटचं नाही."

मला कसली भीती? माझे आकडे ओझबोल्ट सरांचे आहेत. १९७५ पासून दर पाच वर्षांनी त्याच एकशे शहाऐंशी झाडांची जाडी. पन्नास वर्षं! त्यांच्या आकड्यांवर शंका घेणारा अजून जन्मायचाय.

९ मार्च, रविवार

गावी आले. आईला भेटून लगेच सरांकडे गेले. दोनच घरं पलीकडे. त्यांच्या बायको, श्तेफ्काकाकू, दारातच. "झोपलेत गं. पुन्हा ये." ख्रिसमसलाही झोपले होते. मागच्या उन्हाळ्यातही. एकोणऐंशीचे झाले म्हणा.

मी सात वर्षांची असताना सरांनी मला जंगलाच्या त्या मोजणीच्या तुकड्यात नेलं होतं. सव्वासहा फुटी माणूस, मी त्यांच्या कमरेला. झाडाला फीत लावून म्हणाले, "एक मीटर तीस. ना वर, ना खाली. नेम चुकला की झाडावर अन्याय." मी वनशास्त्राला गेले ती त्या एका दिवसापायी. आमचे बाबा घर सोडून गेले त्याच वर्षीची गोष्ट. माझा हात धरून चालणारं दुसरं मोठं माणूस नव्हतं. हे कोणाला सांगितलेलं नाही.

जूनमध्ये तुकड्याला त्यांचं नाव देणार आहेत. फलक तयार आहे म्हणे.

१२ एप्रिल, शनिवार

बर्फ वितळलं. वनरक्षक मिर्कोला बरोबर घेऊन तुकड्यात गेले (एकटीने नाही! अस्वल!). यंदाची मोजणी प्रबंध दिल्यावर, ऑक्टोबरमध्ये, झाडांची वाढ थांबल्यावर. आज नुसते रंगवलेले नंबर बघायचे होते, कुठले पुसलेत, कुठले दिसतात.

चाळीस सापडलं. बेचाळीस सापडलं. एक्केचाळीस आडवं. भलंमोठं फरचं झाड, मुळासकट उपटलेलं, वर शेवाळाची गादी. नंबर मातीकडे.

"हे?" मिर्को म्हणाला. "हे सतराच्या डिसेंबरात पडलं. ते मोठं वादळ आलं होतं बघ. नोंद मीच केली ना!"

सरांच्या वहीत २०२० ला एक्केचाळीस नंबर जिवंत आहे. जाडी ४६.८ सेंटीमीटर. तीन वर्षं मेलेलं झाड.

१३ एप्रिल

काहीतरी चूक असणार. माझीच.

१७ एप्रिल, गुरुवार

माझी नाही.

सगळ्या वह्या पुन्हा काढल्या. सरांचं अक्षर कोणाला लागत नाही, म्हणून काकू प्रत्येक मोजणी स्वच्छ लिहून काढतात. पन्नास वर्षं तेच टपोरं अक्षर. २०२० हे महामारीचं वर्ष, विद्यार्थी न्यायला बंदी होती. सरांनी एकट्याने मोजणी केली, असा शेरा आहे. आणि त्या एका वर्षी जवळजवळ प्रत्येक झाड नेहमीपेक्षा सेंटीमीटरभर जास्त जाड झालंय. सगळी एकदम! झाडं अशी ठरवून फुगत नाहीत. घरात बसून मागच्या आकड्यात थोडं थोडं मिळवत गेलं की असंच होतं.

लिहितानासुद्धा हात नको म्हणतोय.

२१ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

आज सर झोपलेले नव्हते. सणाच्या दिवशी दारातून परत कसं पाठवणार! टेबलावर हॅम, रंगवलेली अंडी, अक्रोड भरलेला गोड पाव, पोतित्सा. सर खुर्चीत ताठ. स्वेटरची बटणं वरपर्यंत लावलेली. माझ्याकडे बघून हसले, बोलले काही नाही. ते पहिल्यापासून अबोलच.

मी विचारलं. शक्य तितक्या गोडीने विचारलं — असं मला वाटतं. "सर, वीसच्या मोजणीत एक्केचाळीस नंबरचं फर आहे."

"छान झाड आहे," सर म्हणाले.

"पण सर, ते सतरालाच पडलं."

पोतित्सा कापता कापता काकूंचा हात थांबला. "कोणतं? एक्केचाळीस?" त्यांनीच विचारलं. चेहरा लालबुंद.

"तुम्ही ते मोजलंत का, सर?"

सर सुरीकडे बघत होते. "वहीत आहे ना?" म्हणाले. "मग मोजलंय."

बस्स. ना खुलासा, ना लाज. मी बोटभर खाली फीत लावली म्हणून ज्या माणसाने मला पूर्ण ओळ पुन्हा मोजायला लावली होती, तो माणूस! मला रडू फुटलं. काकू म्हणाल्या, "पुरे आता. सणाचा दिवस आहे. त्यांना त्रास देऊ नकोस." मला दारापर्यंत पोचवायला आल्या. पोतित्साचा तुकडा रुमालात बांधून दिला.

तो अजून तसाच आहे. खाववत नाही.

२८ एप्रिल, सोमवार

सांगून टाकलं.

गेला आठवडाभर तीन वाटा धरून बसले होते. गप्प बसून सही करायची. काहीतरी घरगुती कारण सांगून डॉक्टरेट सोडायची. किंवा सांगायचं. सोडायच्या अर्जाचा मसुदासुद्धा केला होता! मग वाटलं, सरांनी माझ्या जागी काय केलं असतं? पहिले सर. खरे सर. त्यांनी सांगितलं असतं.

डॉ. श्कुल्य सगळं ऐकून घेऊन खिडकीपाशी गेल्या. त्यासुद्धा सरांच्याच विद्यार्थिनी. "मला वाटलं होतं तू सही करून मोकळी होशील," म्हणाल्या. मग, पाठमोऱ्याच : "मी केली असती बहुतेक."

हे ऐकून मला मान ताठ झाल्यासारखं वाटलं. खोटं कशाला लिहू? वाटलं.

१९ मे, सोमवार

समितीचा निर्णय आला. २०२० ची मोजणी 'काल्पनिक' म्हणून रद्द. मला वर्षभराची मुदतवाढ. ऑक्टोबरमध्ये नव्याने मोजायचं. 'विद्यार्थिनीच्या सचोटीची समिती प्रशंसा करते.'

सरांचं मानद प्राध्यापकपद काढून घेतलं. फलक लागणार नाही. खुलाशासाठी त्यांना दोन पत्रं पाठवली होती. दोन्हींना काकूंच्या टपोऱ्या अक्षरात एकच ओळ आली : 'प्राध्यापक ओझबोल्ट यांना काही सांगायचे नाही.'

एक ओळ तरी लिहायची होती, सर! नुसतं 'थकलो होतो' एवढं लिहिलं असतंत तरी मी तुमच्या बाजूने भांडले असते.

७ जून, शनिवार

आज समारंभ असता.

गावात सगळ्यांना कळलंय. दुकानात मिर्को दोघातिघांना रंगवून सांगत होता, "म्हातारा शेगडीपाशी बसून झाडं वाढवत होता! आमची अशी पेन्शन असती तर आम्हीपण वाढवली असती!" सगळे हसले. मला बघून त्याने डोळा मारला. मी जणू त्याच्या टोळीतली!

आईला वाटलं होतं मी तिथून काही न घेता आले म्हणजे दुकान बंद असेल. सांगितलं तर म्हणाली, "तुला प्रामाणिक राहायचं होतं ना? मग आता रडतेस कशाला?" आणि बटाटे सोलत राहिली. नंतर स्वतःच म्हणाली, "तुझ्या दहावीच्या वर्षी कोण शिकवायला यायचं गं रोज? भर पावसात?"

विसरले नाहीये मी. तेच तर दुखतंय.

१३ जुलै

काकू चर्चबाहेर दिसल्या. एकट्या. मी "नमस्कार, काकू" म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि भराभर निघून गेल्या. किती बुटक्या झाल्यात! माझ्या खांद्याला लागायच्या, आता तेवढ्याही नाहीत.

१८ ऑक्टोबर, शनिवार

कुठून सुरुवात करू!

सकाळपासून मोजणी. मी फीत धरायची, मिर्कोने लिहायचं. एकवीस नंबरला फीत पलीकडून ओढून घेताना चढाच्या बाजूला, सालीच्या भेगेत, एक ठिपका दिसला. मसुराएवढा. लाल. बुरशी असेल म्हणून नखाने खरवडला. खपली निघाली. नेलपॉलिश.

बाविसावर होता. तेविसावर होता. सगळ्यांवर! आणि सगळे एक मीटर तीसच्या खाली. वीतभर खाली. सरांच्या छातीपाशी नाही, माझ्याही नाही. माझ्यापेक्षा बुटक्या कोणाच्या तरी छातीपाशी.

मिर्को ओंडक्यावर बसून पाव-सॉसेज खात होता तेवढ्यात मी धावत एक्केचाळीसपाशी गेले. पडलेल्या खोडाशेजारी दुसरं फर आहे, मोजणीत नसलेलं, नंबर नसलेलं. त्याच्यावर ठिपका. नंबर पुसला असेल असं समजून त्या झाडाला फीत लावलेली. मी ठिपक्यावर फीत लावली. ४७.९. वहीत पाच वर्षांपूर्वी ४६.८. बरोबर जुळतं!

आणखी पंचवीस झाडं ठिपक्यांवर मोजून पाहिली. सगळी जुळली. एकही आकडा मनचा नाही. झाडाचं खोड खाली जाड असतं म्हणून आकडे सेंटीमीटरभर जास्त, एवढंच. एवढी साधी गोष्ट, आणि मला, आम्हा इतक्या शिकलेल्यांना, एकालाही सुचली नाही!

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. अस्वलांच्या जंगलात. एकटी. एकशे शहाऐंशी झाडं. जिने आयुष्यभर नुसत्या वह्या उतरवल्या, फीत कधी हातात धरली नव्हती, तिला कुठे लावायची हे तरी कोण सांगणार? ज्यांनी सांगायचं ते पाच वर्षांपूर्वीच...

झोपलेत गं. पुन्हा ये. मग मोजलंय. छान झाड आहे.

देवा, मी त्यांना वाचतच नव्हते. मी त्यांचा निकाल लावत होते. मला माझ्या खरेपणाचा केवढा माज!

मिर्कोला काही सांगितलं नाही. उद्या काकूंकडे. सोमवारी विद्यापीठात. सगळं परत घ्यायला लावीन. पद, फलक, सगळं.

१९ ऑक्टोबर, रविवार

गेले. पाया पडायचंच बाकी ठेवलं. सर खिडकीपाशी होते. काकू त्यांना चमच्याने सूप भरवत होत्या. मी म्हटलं, उद्याच्या उद्या लिहून देते, की मोजणी खरी आहे, तुम्ही केलीत, आणि का केलीत.

काकूंनी सरांची हनुवटी पुसली. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांना तेव्हाच दहापर्यंत मोजता येत नव्हतं, हे लिहिशील. पन्नास वर्षं मोजणाऱ्या माणसाबद्दल. लबाड म्हणतात ना सगळे? म्हणू देत. लबाडीला निदान डोकं लागतं."

कोणालाही काहीही सांगायचं नाही. त्यांनी शब्द मागितला. मी दिला.