नारायणनगरची साक्ष

पुणे,
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९४८

प्रिय विजयमाला,

काल सोनं वाटताना तुझी फार आठवण झाली. उन्हाळ्यापासून मी तुला दोन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. लिहिता येत नाही असं नाही, अक्षरं तर तू माझ्याच ओट्यावर गिरवलीस. तू रागावली आहेस हे कळत होतं. कशासाठी, ते मात्र कालच कळलं.

इथे दोन खोल्या आहेत, दारात नळ आहे, शेजार भला आहे. तात्यांना, माझ्या सासऱ्यांना, खिडकीशी बसवलं की ते रस्ता बघत राहतात. कुणी "तुम्ही कुठले?" विचारलं की आमचे हे "सांगलीचे" म्हणून मोकळे होतात. मला मात्र नारायणनगरचे म्हणावंसं वाटतं. पण ते नाव इथे कुणाला ठाऊक असणार? तुझ्या सासऱ्यांचा, नाथाजीमामांचा, तो नुसता खडकाळ माळ होता. मास्तर, वकील, कारकून अशा मंडळींनी तिथे घरं बांधली, तेव्हा सांगलीतले लोक हसले होते, कोल्ह्यांच्या शेजाराला चाललात म्हणून. आडाला पाणी लागेपर्यंत आम्ही तुमच्याच विहिरीवर जगलो. बिरोबाचं ठाणं हलवायचं नाही, एवढीच मामांची अट. म्हणून रस्ता वळवून काढला. तुम्ही आम्हाला 'बंगलं' म्हणायचात, आम्ही तुम्हाला 'वाडी'. दुपारी ओघळ ओलांडून तू शिवण शिकायला यायचीस आणि म्हणायचीस, "वयनी, ह्ये चाक लय पळतंय, माज्या हातात ऱ्हाईना." किती हसायचो आपण!

मग गांधीजींच्या खुनाची बातमी आली आणि मारेकरी आमच्या जातीचा निघाला. दोन दिवसांनी ट्रकमधून माणसं उतरली, एकही चेहरा ओळखीचा नव्हता. हे मिरजेला शाळेत अडकलेले. तुझे कृष्णातराव धावत आले, अंथरुणाला खिळलेल्या तात्यांना त्यांनी पाठीवर घेतलं आणि मला म्हणाले, "वयनी, मागं बगू नगा." तुझ्या सासूबाईंनी, अंबूबाईंनी, मला वाकळेखाली निजवलं. उशाशी तू बसलीस. दारात माणसं आली तेव्हा अंबूबाई उंबऱ्यावर आडव्या उभ्या राहिल्या. "आत माजी लेक बाळातीण हाय. पाऊल टाकशिला तर याद राखा!" ते परत फिरले. तुमच्या घरची भाकरी मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ली, विजयमाला. दहा वर्षं शेजारी राहून पहिल्यांदा.

संध्याकाळी कृष्णातराव पुन्हा तिकडे गेले. मी नको म्हणत होते. "मशीन तरी काडतो, माजी बायकू त्याच्यावरच शिकल्या," एवढंच बोलून गेले. मशीन घेऊन ते परत आले नाहीत. तू म्हणालीस, पोलीस आल्यात, गर्दीत थांबलं असतील. पहाटे लष्कराच्या गाडीने आम्हाला हलवलं. तुझा नीट निरोपही घेता आला नाही.

काल ह्यांना कोर्टाचं बोलावणं आलं, तेव्हा सगळं बाहेर पडलं. त्या संध्याकाळी हे मिरजेहून धावत आले, तर घर जळत होतं आणि कृष्णातराव खांद्यावर मशीन घेऊन अंगणातून निघत होते. हे तसेच पोलिसांकडे गेले आणि त्यांचं नाव लुटारूंत सांगून आले. आमची भेट झाली चार दिवसांनी. आम्हाला कुणी वाचवलं ते मी ह्यांना रडत रडत सांगितलं, आणि हे गप्प राहिले. आठ महिने गप्प राहिले. काल मी विचारलं, तर म्हणाले, "लिहून दिलेला शब्द आता कसा फिरवू? मास्तर आहे मी." जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवणारा माणूस! मला राग आला, आणि त्यांची कीवही आली. त्या आगीत त्यांचंही काहीतरी जळून गेलं आहे, ते परत कसं आणायचं मला ठाऊक नाही.

तुझा नवरा आठ महिने कोठडीत आहे आणि मी तुला पुण्याच्या नळाचं कौतुक लिहीत होते.

सोमवारी खटला उभा राहणार आहे. हे म्हणतात, कोर्ट बाईमाणसाची जागा नव्हे, गेलीस तर माझ्याविरुद्ध गेलीस. तात्या खिडकीतून वळून म्हणाले, "जा तू. मला चालता आलं असतं तर मीच गेलो असतो." म्हणून हे लिहिते आहे. रविवारी मिरजेच्या गाडीने मी एकटी येते आहे. तुमच्या वकिलांना सांग, त्या घरची बाई साक्ष द्यायला येते आहे, तिला उभी करा. तुझ्या दारात मला जागा नसेल तर मी धर्मशाळेत उतरेन, त्याचं वाईट वाटून घेणार नाही. पण कोर्टात मात्र तू समोर बस. मी पहिल्यांदाच इतक्या माणसांपुढे बोलणार आहे.

तुझीच,
शकुंतला