शंकरची बातमी

सातारा, मंगळवार, १६ मार्च १९७६

आज हौसाबाईंना खरं सांगितलं. लिहितानाही लाज वाटतेय.

त्यांचा शंकर माझा विद्यार्थी, पुढे लष्करात गेला. पुरातून माणसं काढताना तो टीव्हीच्या बातम्यांत दिसला. इथे टीव्ही नाही; बाईंच्या मुंबईच्या भाचीने तिथे पाहिला. दोन महिन्यांनी अपघातात गेला. दिवाळीत मी मुंबईला निघालो तेव्हा बाई म्हणाल्या, "गुर्जी, ती बातमी पुन्यांदा दावत्यात का इचारा की. म्या येते मुंबैला."

मुंबईत टीव्ही केंद्राच्या फाटकापर्यंत गेलो. पहारेकरी "काय काम?" म्हणून खेकसला आणि मी, तीस वर्षं पोरांना दरडावणारा मास्तर, "काही नाही" म्हणून परत फिरलो. इथे येऊन बाईंना खोटंच सांगितलं, टेप पुसली गेलीय. "तुमी गेलासा, लय झालं," म्हणत त्यांनी शेंगांची पिशवी दिली. मी ती घेतली!

राहवेना म्हणून गेल्या महिन्यात केंद्राला पत्र टाकलं. आज उत्तर आलं. चित्रण जानेवारीपर्यंत होतं, आता त्या टेपवर दुसरा कार्यक्रम घेतलाय. म्हणजे मी फाटकाशी उभा होतो तेव्हा शंकर आत होता. त्या फाटकातून चार पावलं पुढे गेलो असतो तर...

संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं, पत्र वाचून दाखवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.  त्या एवढंच म्हणाल्या, "गुर्जी, त्यात त्यो हसत हुता का, तेवढं लिवलंय का बगा."

पत्र पुन्हा उघडलं. दोनच ओळी होत्या. तरी मी शोधत राहिलो.