बाळ रडलं नाही

१९ जुलै १९८४, सिंदेवाही

रखमाचं तान्हं बाळ दवाखान्यात आणलं तेव्हाच गेलं होतं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावर पोर निजून राहावं म्हणून इथे अफू चाटवतातच. आज दिवसभर रडलं नाही, म्हणून बायका त्याचं कौतुक करत होत्या म्हणे. रडलं नाही!

रखमा माझ्या कानाशी आली. "नर्सबाई, सकाळी मोहरीएवढीच देली जी. सासूले नोका सांगू."

मग सासूनं व्हरांड्यात माझा हात धरला. "दुपारी मी बी देली बाई, उठून रडन म्हून. सुनेले नोका सांगू."

मी दोघींनाही हो म्हटलं. काऊन म्हटलं? सांगितलं असतं तर...?

जाताना सासू रखमाला पोटाशी धरून समजावत होती, "तुयी काई चूक नाई."